आमदाराची पाच वर्षं कागदावरून कशी वाचायची?

चौथी_गॅलरी

निवडणूक जवळ आली की गुळगुळीत कागदावरचा कार्यअहवाल घरोघर येतो. इतक्या कोटींचा निधी आणला, इतके प्रश्न विचारले, इतकी भूमिपूजनं केली. तिन्ही आकडे खरे असू शकतात आणि तरी माणसाने पाच वर्षं नेमकं काय केलं ते त्यातून कळत नाही. महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्याची कारकीर्द कागदपत्रांवरून कशी तपासायची, एवढ्यासाठी हा धागा आहे. कोणता पक्ष बरा यावर भांडायला इतर धागे पुष्कळ आहेत.

सुरुवात प्रश्नांपासून करतो. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकितचं उत्तर फक्त लेखी. आपल्याकडे प्रश्नाचा साचा ठरलेला आहे: अमुक ठिकाणी अमुक झाले, हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, असल्यास, त्यात काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरही साच्यातलंच. पहिल्या भागाला 'हे खरे नाही' लिहिलं की पुढच्या सगळ्यांना 'प्रश्न उद्भवत नाही'. म्हणून सगळा जीव पहिल्या भागात असतो. तिथे तारीख, ठिकाण किंवा रक्कम यांपैकी एक गोष्ट जरी चुकली तरी खातं 'हे खरे नाही' लिहून मोकळं होतं, आणि ते खोटंही नसतं. 'अंशतः खरे आहे' असं उत्तर आलं तर समजावं की प्रश्न वर्मी लागलाय. उपप्रश्न तिथे विचारायचा असतो.

खवचट_काका

आणि एका प्रश्नावर डझनभर नावं असतात, तेही सांगा. अहवालात प्रत्येक जण तो प्रश्न आपला म्हणून मोजतो. एक प्रश्न, बारा पाळणे.

कक्ष_क्रमांक_शून्य

काका, ते खरंच आहे. म्हणून प्रश्नसंख्या हे सर्वांत फसवं माप. बघायचं असेल तर नाव पहिलं आहे का, आणि प्रश्न प्रत्यक्ष पुकारला गेला तेव्हा सदस्य जागेवर होते का, हे बघा. प्रश्नोत्तराचा तास एकच, त्यात यादीतले पहिले मोजके प्रश्नच तोंडी होतात. गोंधळात तास वाया गेला तर सगळी उत्तरं लेखी म्हणून पटलावर जातात आणि उपप्रश्नाची संधी गेली ती गेली. विरोधी बाकावरच्या ज्याचा प्रश्न पहिल्या तिनात लागलाय त्याला त्या दिवशी गोंधळ नको असतो, पण पक्षाचं ठरलेलं असतं. अशा वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

प्रश्न स्वीकारलाच जात नाही याची नेहमीची कारणं: विषय न्यायप्रविष्ट आहे, विषय राज्य सरकारच्या अखत्यारीतला नाही (राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, बीएसएनएल), ऐकीव आरोप आहेत, किंवा प्रश्न नसून मत आहे. हे अडथळे माहीत असलेला स्वीय सहायक आमदाराला निम्मा वर आणतो.

ऋतुजा_क

लक्षवेधी आणि तारांकित यात वजन कशाला जास्त?

कक्ष_क्रमांक_शून्य

विधानसभेत नियम १०५ खाली लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना, येते. सूचना ढिगाने येतात, त्यातली कोणती लावायची ते अध्यक्ष ठरवतात. म्हणून 'लक्षवेधी दिली' याला किंमत नाही, 'लक्षवेधी लागली' याला आहे. लागली की मंत्र्यांना निवेदन करावं लागतं आणि सदस्य त्यावर प्रश्न विचारतात. स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणं, नियम ५७ खाली. तो बहुतेक वेळा फेटाळला जातो, पण फेटाळण्याआधी चार वाक्यं बोलायला मिळतात आणि ती कार्यवृत्तात जातात. सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची नियम २९३ ची चर्चा लांब चालते. विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव नियम २९२ खाली येतो, त्यात सगळे विषय कोंबलेले असतात, त्यामुळे एकाही विषयावर मंत्र्याला धरून ठेवता येत नाही.

औचित्याचा मुद्दा म्हणजे एखादा विषय सभागृहात थोडक्यात मांडणं, त्याला सरकारवर लगेच उत्तर देण्याचं बंधन नसतं. सकाळी औचित्याचा मुद्दा मांडला, दुपारी त्याचा व्हिडिओ फिरला, संध्याकाळी विषय संपला, असं पुष्कळदा होतं.

पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे. मंत्री उत्तरात 'चौकशी करण्यात येईल', 'एक महिन्यात अहवाल मागवू' म्हणाले की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि अशी आश्वासनं पाळली का ते बघणाऱ्या आश्वासन समितीकडे जातं. 'तपासून घेऊ', 'सकारात्मक विचार करू' यातून हाताला फारसं काही लागत नाही. मुरलेला आमदार तिसऱ्या उपप्रश्नात मंत्र्याला क्रियापदावर आणतो: करणार का, आणि किती दिवसांत? तारीख मिळाली की बसतो. कच्चा माणूस तिथे भाषण करतो, वेळ संपते, आणि मंत्री बैठक लावण्याचं कबूल करून सुटतात.

लेखाशीर्ष

निधीचं मी सांगतो, कारण कार्यअहवालात सगळ्यात जास्त धूळफेक तिथेच असते.

आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, म्हणजे पूर्ण मुदतीत २५ कोटी. हे पैसे आमदाराच्या हातात येत नाहीत. आमदार काम सुचवतो, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, काम सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद किंवा नगरपालिका करते. खाजगी जागेवर खर्च करता येत नाही. सभामंडपाची कितीतरी कामं इथेच अडकतात, कारण सातबारा कुणा ट्रस्टच्या किंवा भाऊबंदांच्या नावावर निघतो आणि ना-हरकत येत नाही.

मग अहवालातले शेकडो कोटी कुठले? ते खात्यांचे. ग्रामविकासाचं २५१५ हे लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या रकान्याचा क्रमांक) लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावातल्या कामांसाठी आहे. रस्ते-पूल भांडवली खर्चातून असतील तर ५०५४, देखभाल-दुरुस्ती ३०५४. शिवाय जिल्हा नियोजन समितीचा वाटा. यात आमदाराची कामगिरी म्हणजे काम अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मधे मागितलेल्या जादा खर्चात) नावानिशी घालून घेणं. ते सोपं नाही, पण तिथे गोष्ट संपतही नाही.

पुढचा क्रम असा: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा), मग देयकं. फलक पहिल्या मान्यतेला लागतो. रस्ता पाचव्या पायरीनंतर सुरू होतो. मधे अडकण्याच्या नेहमीच्या जागा तीन आहेत. भूसंपादन किंवा वन खात्याची परवानगी आधी घेतलेली नसते. तरतूद नाममात्र असते, म्हणजे काम पुस्तकात दिसतं पण पहिल्या वर्षी त्यावर ठेकेदार हलेल एवढे पैसे नसतात. तिसरी जागा आचारसंहिता: जागेवर प्रत्यक्ष सुरू न झालेलं काम त्या काळात सुरू करता येत नाही. म्हणून शेवटच्या सहा महिन्यांतल्या भूमिपूजनांकडे जरा थंडपणे बघावं.

कुठल्याही कामाबद्दल एकच विचारा: कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि दिनांक काय?

माणदेशी

लेखाशीर्ष, माहिती चोख आहे, पण तुमच्या मोजपट्टीने आमदार म्हणजे बढती मिळालेला जिल्हा परिषद सदस्य ठरतो. गावचा रस्ता करणं हे त्याचं मूळ काम नव्हेच. अर्थसंकल्पीय अधिवेशनात खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा होते, कपात सूचना (मागणीतली रक्कम कमी करण्याच्या) देता येतात, आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना मताला टाकून मंजूर होतात. हजारो कोटी असे काही मिनिटांत जातात. तिथे किती जण तोंड उघडतात? सभागृह चालायला गणसंख्या एकदशांश लागते, २८८ पैकी २९. संध्याकाळी सातनंतर तेवढे तरी दिसतात का, ते प्रक्षेपणात बघा.

गणपतराव देशमुखांचं उदाहरण घ्या. शेतकरी कामगार पक्ष, सांगोला, १९६२ पासून अकरा वेळा निवडून आले, १९७२ आणि १९९५ ला पडले. मंत्रिपद दोनदाच, १९७८ आणि १९९९ च्या सरकारांत, तेही थोडा काळ. बाकी सगळी कारकीर्द बाकावरची. दुष्काळी तालुक्याचा पाण्याचा एक विषय दशकानुदशकं प्रत्येक अधिवेशनात, प्रश्न-लक्षवेधी अशा प्रत्येक आयुधातून रेटायचा. हे निधीच्या रकान्यात कुठे बसवणार?

लेखाशीर्ष

पाणी शेवटी आलं ते तरतुदीतूनच की. भांडण नाही, पण भाषण आणि तरतूद यांच्यामधला दुवा कोण धरतो, हेच मी सांगतोय.

चौथी_गॅलरी

दोघांच्या मधे एक गोष्ट राहिली: समित्या. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळ सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर बांधलं. २८८ च्या विधानसभेत मुख्यमंत्री धरून ४३. म्हणजे दोनशेचाळीसहून अधिक आमदारांना ती पाच वर्षं मंत्रिपदाविना काढायची असतात, आणि त्यांच्या हातात खरी चौकशीची जागा म्हणजे समिती. लोकलेखा, सार्वजनिक उपक्रम, अंदाज, पंचायत राज, अनुसूचित जाती कल्याण, आश्वासन, विनंती अर्ज, रोजगार हमी.

लोकलेखा समितीत महालेखापरीक्षकांच्या अहवालावर खात्याच्या सचिवांची साक्ष होते. तिथे कॅमेरा नाही, फलक नाही, म्हणून मुळात वाचून येणाराच टिकतो. सचिवांचा नेहमीचा बचाव 'हे माझ्या कार्यकाळातलं नाही' असा असतो. त्यावर जबाबदारी निश्चित करण्याची शिफारस अहवालात लिहून घेतली तर पुढे कृती अहवाल मागता येतो. समितीचा दौरा झाला पण अहवाल सभागृहाला सादरच झाला नाही, तर तो दौरा पर्यटनाच्या खात्यात टाकावा.

रोजगार हमी योजना आठवा. वि. स. पागे विधानपरिषदेचे सभापती होते, मंत्री नव्हे. तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग झाला, मग योजना, मग १९७७ चा अधिनियम, आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. मंत्री नसलेल्या माणसाने एवढं घडवलं. त्याच तासगावचे आर. आर. पाटील जिल्हा परिषदेतून वर आले, १९९० ला विधानसभेत गेले, आणि ग्रामविकास मंत्री झाल्यावर ग्राम स्वच्छता अभियान उभं केलं. खालच्या संस्थेत काम केल्याचा उपयोग इथे दिसतो: ग्रामसेवक कुठे थांबतो ते आधीच माहीत असतं.

ऋतुजा_क

विधानपरिषदेचे आमदार कसे तपासायचे? त्यांना मतदारसंघ असतो की नसतो?

पसंतीक्रम

ताई, परिषदेत ७८ जण. ३० विधानसभा सदस्यांनी निवडलेले, २२ स्थानिक संस्थांमधून, ७ पदवीधर, ७ शिक्षक, १२ राज्यपालनियुक्त. मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात.

पदवीधरांची मतदारयादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणजे आता आहे असं नाही, नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख आणि त्याआधी किमान तीन वर्षं पदवी झालेली हवी. शिक्षकांसाठी नमुना १९. या मतदारसंघांत निवडणूक नोंदणीच्या महिन्यातच जिंकली जाते, प्रचाराचं महत्त्व दुय्यम. गंमत म्हणजे उमेदवार स्वतः पदवीधर असायलाच हवा असं नाही.

स्थानिक संस्थांच्या जागांची अडचण वेगळी. महापालिका, जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले की मतदारच उरत नाहीत, जागा रिकामी राहते. २०२२ नंतर तेच झालं.

आणि विधानसभा सदस्यांच्या मतदानाचं गणित. प्रत्येक मताचं मूल्य १००. जुलै २०२४ ला ११ जागा होत्या आणि सभागृहात २७४ सदस्य. २७,४०० ला १२ ने (जागा अधिक एक) भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा: २,२८४. म्हणजे पहिल्या पसंतीची २३ मतं असली की निश्चिंत. कमी पडलेला दुसऱ्या पसंतीवर जगतो, म्हणून प्रतोद (पक्षाच्या आमदारांचं मतदान सांभाळणारे) आदल्या रात्री हॉटेलात कोणी कोणता क्रम लिहायचा ते घोटून घेतात.

मत बाद होण्याची कारणं: निवडणूक अधिकाऱ्याने दिलेल्या जांभळ्या पेनाऐवजी स्वतःचं पेन, आकड्याऐवजी 'एक' असं अक्षरी, बरोबरची खूण, १ हा आकडा दोघांपुढे. राज्यसभेला पक्षाच्या आमदाराने मत स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीलाच दाखवायचं असतं, दुसऱ्याला दाखवलं तर बाद. परिषदेला मतदान गुप्त, तिथे दाखवलं की बाद. एकाच महिन्यात दोन्ही निवडणुका आल्या की घोळ होतो.

खवचट_काका

घोटून घेऊनही फुटतात ते फुटतातच. गुप्त मतदानाची हीच तर मजा.

सातबारा_उतारा

कारकीर्द संपते कशी, यावर कोणी लिहिलं नाही. मतदार पाडतात हे उघड आहे. त्याशिवायचे मार्ग:

दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे अपात्रता, शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं. पूर्वी अपील केलं की पद टिकायचं. २०१३ च्या लिली थॉमस निकालाने ते कलम ८(४) गेलं. आता शिक्षेला नुसती स्थगिती पुरत नाही, दोषसिद्धीला स्थगिती लागते. बरेच जण इथे गफलत करतात.

निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा. मर्यादा आपल्याकडे विधानसभेला ४० लाख. हिशेब दिला नाही तर कलम १०अ खाली तीन वर्षं अपात्रता. पडलेले उमेदवार हे विसरतात आणि पुढच्या वेळी अर्ज छाननीत उडतो. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात ४५ दिवसांत, एक दिवस उशीर झाला तरी गेली.

परवानगीशिवाय ६० दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिक्त घोषित करू शकतं (अनुच्छेद १९०). त्यात चार दिवसांपेक्षा जास्त सलग तहकुबी मोजत नाहीत. आपल्याकडे तीन अधिवेशनं मिळून बैठका इतक्या थोड्या होतात की हे कलम कपाटातच राहतं. शपथ न घेता सभागृहात बसलं किंवा मतदान केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड, अनुच्छेद १९३. रक्कम १९५० सालची आहे तशीच.

निलंबनाचं: जुलै २०२१ मध्ये १२ आमदार एक वर्षासाठी निलंबित झाले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ ला ते रद्द केलं, कारण चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन म्हणजे मतदारसंघालाच शिक्षा.

ऋतुजा_क

आणि पक्षांतर? दोन तृतीयांश बरोबर असले की चालतं ना?

सातबारा_उतारा

हाच सर्वांत पसरलेला गैरसमज. १९८५ च्या दहाव्या अनुसूचीत (घटनेतली पक्षांतरबंदी) एक तृतीयांशांच्या फुटीला सूट होती. २००३ ला ती काढली. आता उरलंय ते फक्त विलीनीकरण: मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन होतो आणि विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य त्याला संमती देतात. नुसते दोन तृतीयांश वेगळे बसले म्हणून संरक्षण नाही.

पक्षादेश (व्हिप) मोडला तर पक्षाने १५ दिवसांत माफ केलं की प्रकरण मिटतं. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, हे ११ मे २०२३ च्या सुभाष देसाई निकालात स्पष्ट झालं. अपक्षाने निवडून आल्यावर कोणत्याही पक्षात रीतसर प्रवेश केला तर तोही अपात्र. म्हणून अपक्ष 'पाठिंबा' देतात, गळ्यात उपरणं घालत नाहीत. अपात्रतेच्या याचिकेवर निर्णय अध्यक्षांचा. साधारण तीन महिन्यांत द्यावा असं न्यायालयाने २०२० च्या मणिपूर प्रकरणात म्हटलंय, प्रत्यक्षात मुदत संपेपर्यंत प्रकरणं रेंगाळतात. अपात्र ठरलेला पोटनिवडणूक लढवू शकतो, मात्र पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होऊ शकत नाही.

पैसे घेऊन मत दिलं तर पूर्वी विशेषाधिकाराची ढाल होती. ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने सीता सोरेन प्रकरणात तीही काढून घेतली.

माणदेशी

उत्तम. आता कोणी तरी एक प्रश्न नमुन्यादाखल मांडून दाखवा. समजा, गावाजवळचा पूल दोन वर्षं अर्धवट आहे आणि आमदारांकडून प्रश्न घालून घ्यायचा आहे.

कक्ष_क्रमांक_शून्य

आधी रस्त्याचा वर्ग शोधा. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषद, प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम. खातं चुकलं की प्रश्न एका मंत्र्याकडून दुसऱ्याकडे वर्ग होतो आणि तेवढ्यात अधिवेशन संपतं. मग माहिती अधिकारात किंवा उपविभागात विचारून चार कागद मिळवा: प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, शेवटचं देयक, मुदतवाढीचं पत्र.

वाईट प्रश्न: 'पुलाच्या कामात मोठा भ्रष्टाचार झाला असून नागरिकांत तीव्र असंतोष आहे, हे खरे आहे काय?' उत्तर: हे खरे नाही.

चांगला प्रश्न: 'अमुक प्रमुख जिल्हा मार्गावरील, अमुक किलोमीटरमधील पुलाचे काम कार्यारंभ आदेशानुसार अमुक दिनांकापर्यंत पूर्ण करावयाचे असताना माहे अमुकमध्येही ते अपूर्ण आहे, हे खरे आहे काय, असल्यास, कंत्राटदारास किती वेळा मुदतवाढ दिली, प्रत्येक वेळी कोणत्या कारणास्तव दिली व विलंबापोटी किती दंड वसूल केला, नसल्यास, दंड न आकारण्याची कारणे काय आहेत?'

पहिल्या भागाला 'होय' म्हणण्यावाचून इलाज नाही, कारण दिनांक त्यांच्याच आदेशातला आहे. उपप्रश्न दोनच तयार ठेवा: पूर्णत्वाचा नवा दिनांक कोणता, आणि विलंबाची जबाबदारी कोणत्या पदावर निश्चित करणार. अधिकाऱ्याचं नाव घेऊ नका, जो सभागृहात येऊन बाजू मांडू शकत नाही त्याच्यावर आरोप म्हणून ते कामकाजातून काढलं जाईल. छापील यादीत तुमच्या आमदारांचं नाव कितवं आहे तेही बघून ठेवा. पहिलं नसेल तर ज्यांचं आहे त्यांच्या स्वीय सहायकाला हेच दोन उपप्रश्न आदल्या संध्याकाळी पोचवा.